सुभ्याचा सारा आणि दौलतीचे कर्ज

कोणतेही राज्य काही काळ केवळ शिपायांच्या बळावर कर वसूल करू शकते, पण पिढ्यानपिढ्या ते तसे करू शकत नाही. कारण प्रत्येक खळ्यावर पहारा बसवायचा म्हटले तर पहाऱ्याचा खर्चच वसुली खाऊन टाकतो. कर दीर्घकाळ मिळत राहायचा असेल तर देणाऱ्याला दोन गोष्टींची किमान खात्री असावी लागते. आपल्यावरील आकारणी ठरलेल्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या मापाने झाली आहे, ही पहिली. आणि दिलेल्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा काही मार्ग आपल्याला मोकळा आहे, ही दुसरी. सरकारी कर्ज हा याच प्रश्नाचा पुढचा भाग होय, कारण कर्ज म्हणजे उद्याच्या करावर आज केलेली उचल असते आणि ती फेडणाऱ्याला उचल करताना क्वचितच विचारले जाते. आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहराच्या आणि त्याच्या सुभ्याच्या इतिहासात पहिल्या गोष्टीचे महत्त्व तीन वेगवेगळ्या काळांतील तीन कारभाऱ्यांना उमगले होते. दुसरी गोष्ट मात्र या प्रदेशातील रयतेच्या वाट्याला येण्यासाठी १९५२ साल उजाडावे लागले. या दोन टोकांमधील काळात सुभ्याने जे सोसले, त्याची ही हकिगत आहे.

पहिला कारभारी मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला हा सेनापती मोगलांशी आयुष्यभर लढत राहिला, आणि त्या लढ्याला लागणारा पैसा त्याने ज्या पद्धतीने उभा केला ती त्याच्या गनिमी काव्याइतकीच विचारपूर्वक घडवलेली होती. १६१० साली त्याने खडकी हे नगर वसवले, त्याला नहरींनी पाणी दिले आणि त्याच सुमारास राज्याच्या महसुलाची नव्याने घडी बसवली. त्यापूर्वी गावोगावची वसुली मक्त्याने देण्याची, म्हणजे जो अधिक रक्कम कबूल करील त्याच्या हाती परगणा सोपवून देण्याची चाल रूढ होती. तिला इजारा म्हणत. मलिक अंबरने ती मोडून जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक यांवर आकारणी बांधली. सरकारचा वाटा आरंभी उत्पन्नाच्या पाच भागांपैकी दोन भाग असा धान्यात घेतला जाई, आणि पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर होऊन तो सुमारे एकतृतीयांशाच्या आसपास स्थिरावला. पाटील आणि कुलकर्णी यांचे वंशपरंपरागत हक्क त्याने मान्य केले आणि मिरासदाराचा जमिनीवरील हक्कही सांभाळला. अखंड युद्धात गुंतलेल्या माणसाने गावकीची ही घडी न विसकटता तिच्याच आधाराने वसुली करावी, यात त्याची दूरदृष्टी दिसते; कारण गावाची एकंदर रक्कम ठरल्यावर ती घरोघर कशी वाटून घ्यायची हे गावानेच ठरवायचे असल्याने, आकारणीविषयीचा वाद सरकारशी न होता बहुधा चावडीवरच मिटत असे. त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६२६ नंतर, निजामशाही जेमतेम दहा वर्षे टिकली, पण त्याच्या धारेबंदीचा दाखला दख्खनच्या महसुली व्यवहारात पुढे दीर्घकाळ दिला जात राहिला.

त्यानंतर १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ आणि मोगलांच्या स्वाऱ्या यांनी हा मुलूख उजाड केला. शहाजहानचा पुत्र औरंगजेब १६५२ साली दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून नेमला गेला तेव्हा दख्खनच्या सुभ्यांचा महसूल कागदावर तीन कोटी बासष्ट लाख रुपये होता आणि प्रत्यक्ष वसुली मात्र सुमारे एक कोटीच होती. तूट माळवा आणि गुजरातच्या खजिन्यांतून भरून काढावी लागे. १६५३ साली औरंगजेबाने शहराला स्वतःचे नाव दिले, परंतु सुभा पुन्हा उभा केला तो त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने. या खुरासानी अधिकाऱ्याने ओळखले की ओस पडलेल्या गावातून सक्तीने काहीही निघत नाही. म्हणून त्याने प्रथम पाटलांना परत बसवले, बैल आणि बी-बियाणे यांसाठी तगाई, म्हणजे पिकावर फेडायची सरकारी उसनवार दिली, आणि मगच मोजणीला हात घातला. कोरडवाहू पिकाचा निम्मा वाटा, विहिरीच्या पाण्यावरील धान्याचा एकतृतीयांश आणि ऊस, फळे यांसारख्या खर्चिक पिकांचा त्याहूनही कमी वाटा असे दर त्याने ठरवले. ज्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली त्याच्याकडून कमी घ्यायचे हे तत्त्व त्यात आहे, आणि ते आजच्या कोणत्याही अर्थखात्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून दिवाण स्वतः मोजणीची दोरी हाती धरत असे, अशी नोंद त्या काळच्या तवारिखेत आढळते. निम्मा वाटा ही आजच्या दृष्टीने जबर आकारणी आहे यात शंका नाही. पण ती आधी ठाऊक असलेली आणि सर्वांना सारखी लागू होणारी आकारणी होती, आणि ओस पडलेली गावे पुन्हा वसण्याचे कारण हेच.

अठराव्या शतकात या सुभ्यावर एकाच वेळी दोन सत्तांचा हात पडला. १७१९ साली मोगल बादशहाकडून छत्रपती शाहूंना दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचा चौथा आणि त्यावर दहावा हिस्सा वसूल करण्याच्या सनदा मिळाल्या. निजाम-उल-मुल्काने, म्हणजे हैदराबादच्या पहिल्या निजामाने, त्या मानण्यास टाळाटाळ केली, तेव्हा पेशवा बाजीरावाने १७२८ साली वैजापूरजवळ पालखेड येथे त्याची कोंडी केली आणि पैठणनजीकच्या मुंगी-शेवगाव येथे झालेल्या तहात निजामाला हे हक्क कबूल करावे लागले. राजकीय इतिहासात हा विजय यथायोग्य गौरवला गेला आहे. रयतेच्या बाजूने मात्र त्याचा परिणाम दुअंमल असा झाला. एकाच गावात निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार दोघेही हिशेब मागू लागले आणि संरक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची हे अनेकदा अस्पष्टच राहिले.

या साऱ्या काळात रयतेकडे मताचा अधिकार नव्हता, पण एक हत्यार होते. ते म्हणजे गाव सोडून जाणे. जमीन भरपूर आणि माणसे थोडी अशी स्थिती असताना परागंदा झालेले कूळ ही सरकारची खरीखुरी हानी असे, आणि त्यामुळेच पडीक जमिनीला पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे चढत्या दराने सारा लावणारा इस्तावा किंवा अभय देणारा कौल अशा सवलती दख्खनच्या प्रत्येक सत्तेला द्याव्या लागल्या. या हत्याराची मर्यादाही उघड होती. गाव सोडून जाणारा शेतकरी चालू वर्षाची वसुली चुकवू शकत होता. सरकारने सावकाराकडे लिहून दिलेल्या खतावर त्याचा काहीच इलाज चालत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औरंगाबाद सुभ्यावर संकट आले ते याच दिशेने.

१७९८ आणि १८०० च्या तहांनी निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज पत्करली होती आणि तिच्या खर्चापोटी मुलूखही तोडून दिला होता. तेवढ्यावर न थांबता १८१३ च्या सुमारास कंपनीचा हैदराबादेतील रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्याच पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी आणखी एक फौज उभी केली, जी पुढे हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली गेली. तिची एक मोठी छावणी औरंगाबादेत होती आणि तिचा वार्षिक खर्च सुमारे चाळीस लाख रुपयांपर्यंत गेला. या फौजेला तहाचा स्पष्ट आधार नव्हता, हे पुढे खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनीही मान्य केले. परंतु १८०६ पासून पेशकार असलेल्या आणि इंग्रजांच्या पाठिंब्यावर दौलतीचा कारभार हाकणाऱ्या राजा चंदूलालला तिचा पगार थकू देणे परवडणारे नव्हते. पगार दरमहा द्यावा लागे आणि सारा मात्र हंगामाला येत असे. या दोहोंमधील फटीत सावकार शिरला.

हा सावकार म्हणजे विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी. इंग्रज सेनापती आणि फैज बक्ष बेगम यांचा पुत्र असलेल्या विल्यम पामरने ती १८१० च्या दशकात नावारूपाला आणली. देशी राजांना ब्रिटिश प्रजाजनांनी परवानगीविना कर्ज देण्यास ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने मनाई होती. १८१६ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या सरकारने या पेढीला त्यातून सूट दिली, आणि तिचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्जच्या पाल्येचा पती होता, ही गोष्ट पुढे फार गाजली. पेढीचा एक मोठा व्यवहार थेट या सुभ्याशी जोडलेला होता. औरंगाबाद आणि वऱ्हाड येथील फौजांचा पगार पेढीने महिन्याच्या महिन्याला चुकता करायचा आणि त्या बदल्यात परगण्यांचा महसूल तिच्या नावे तोडून द्यायचा, असा हा करार त्या काळच्या कागदपत्रांत औरंगाबादचा व्यवहार म्हणूनच ओळखला जातो. व्याजाचा दर सालीना सुमारे पंचवीस टक्क्यांपर्यंत चढत असे. त्यानंतर १८२० साली साठ लाखांचे एक मोठे कर्ज मंजूर झाले, ज्याची कारणे म्हणून थकलेले पगार, जुन्या सावकारांची देणी आणि रयतेला द्यायची तगाई अशी दाखवण्यात आली होती. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हिशेब तपासले तेव्हा त्याच्या मते हे कर्ज बहुतांशी जुन्याच बाकीचे नव्या खात्यावर केलेले स्थलांतर होते. रयतेच्या नावाने काढलेला पैसा रयतेपर्यंत गेलाच नाही, आणि फेड मात्र तिच्याच साऱ्यातून व्हायची होती.

हा पंचवीस टक्क्यांचा दर नीट समजून घेण्यासाठी त्याच काळातील इंग्लंडकडे पाहावे लागते. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर ब्रिटिश सरकारचे कर्ज निजामाच्या कर्जापेक्षा कित्येक पटींनी मोठे होते, तरीही त्या सरकारला तीन ते पाच टक्क्यांनी पैसा मिळत असे. याचे कारण केवळ संपत्ती नव्हते. १६८९ नंतर तेथे पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर बसवता येत नव्हता, आणि १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाल्यावर ज्या वर्गाचे प्रतिनिधी कर मंजूर करत, त्याच वर्गाचे लोक सरकारला कर्जही देत असत. त्या पार्लमेंटला मत देणारे १८३२ पर्यंत मूठभरच होते, ही गोष्ट विसरता कामा नये. पण तेवढ्या मर्यादित संमतीनेही धनकोला एवढी खात्री मिळत होती की राजाने घेतलेले कर्ज राज्य फेडील. हैदराबादेत कर्ज फिटेल की बुडेल हे एका दिवाणाच्या आसनस्थिरतेवर अवलंबून होते, म्हणून सावकार आपल्या भीतीची किंमत व्याजात लावून घेत असे. रयत या व्यवहारात कोठेच पक्षकार नव्हती. तरीही तो पंचवीस टक्क्यांचा दर शेवटी तीच भरत होती.

पामर पेढीचा शेवट जितका नाट्यमय तितकाच तो निजामाच्या प्रजेला महागात पडला. उत्तर सरकार या किनारी जिल्ह्यांबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. १८२३ साली हे कायमचे उत्पन्न सुमारे एक कोटी सोळा लाख रुपयांच्या एकरकमी मोबदल्यात कंपनीने मोकळे करून घेतले आणि त्या पैशाने पेढीचे देणे भागवले. पेढी पुढे लवकरच बुडाली, पण ते सात लाख पुन्हा आले नाहीत. मेटकाफने जिल्ह्यांवर इंग्रज देखरेख नेमून गावागावांशी काही वर्षांच्या मुदतीचे कौल केले होते. नव्या निजामाच्या मागणीवरून १८२९ साली ती देखरेख उठली आणि सुभा पुन्हा इजाऱ्यावर गेला.

इजाऱ्याचा खरा दोष केवळ जादा आकारात नव्हता, तर मुदतीच्या अनिश्चिततेत होता. चंदूलालच्या कारभारात नजराणा देऊन परगणा मिळवणाऱ्याला ठाऊक असे की उद्या दुसरा कोणी अधिक नजराणा घेऊन उभा राहिला तर आपले अधिकार जातील, आणि म्हणून तो पीक हाती येण्याआधीच वसुलीला लागत असे. काही परगणे पगार थकलेल्या अरब आणि रोहिला जमादारांकडे गहाण पडले होते, जे सैनिकही होते आणि सावकारही. औरंगाबादकडील भागात तारापूरच्या विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंची पेढी पुढे आली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठवण्याच्या व्यापारात अग्रेसर असलेल्या या बंधूंनी दौलतीला कर्ज दिले, परगण्यांचा महसूल तारण म्हणून घेतला, आणि औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेला त्यांचा पेस्तनशाही रुपया या मुलखात चलनात होता. नाणे पाडणे आणि सारा वसूल करणे ही सार्वभौमत्वाची दोन प्रमुख लक्षणे एका खाजगी पेढीच्या हाती जावीत, यापेक्षा दौलतीच्या दिवाळखोरीचा अधिक बोलका पुरावा सापडणे कठीण आहे. चंदूलाल १८४३ साली पायउतार झाल्यानंतर सरकारने हे परगणे परत घेतले. बंधूंचा दावा मात्र भागवला गेला नाही आणि इंग्रजांकडे केलेल्या तक्रारींनीही त्यांना न्याय मिळाला नाही. ज्या राज्यात करदात्याला संरक्षण नसते तेथे धनकोलाही ते नसते, हे या पेढीला फार उशिरा कळले.

कंटिंजंटचा पगार आता स्वतः कंपनी आगाऊ देऊ लागली आणि ती बाकी निजामाच्या नावे चढत गेली. गव्हर्नर जनरल डलहौसीने तगादा लावल्यावर १८५१ साली निजामाने मोठी रक्कम भरली, परंतु खर्च चालूच असल्याने बाकी पुन्हा उभी राहिली. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दुआब हे प्रांत कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेले. अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेकडील शेतकऱ्याचे सरकार एका करारनाम्याने बदलले, दक्षिणेकडच्याचे तेच राहिले. दोघांनाही याबाबत कोणी विचारले नव्हते. १८६० साली पन्नास लाखांचे कर्ज माफ होऊन धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, पण वऱ्हाड मिळाले नाही, आणि १९०२ साली ते सालीना पंचवीस लाखांच्या खंडावर कायमचे पट्ट्याने देण्यात आले. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या इतिहासाच्या वाटा वेगळ्या होण्यात भाषेचा किंवा भूगोलाचा नव्हे, तर फौजेच्या थकलेल्या पगाराचा वाटा मोठा आहे, ही बाब महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात पुरेशा ठळकपणे मांडली जात नाही.

वऱ्हाड गेले त्याच महिन्याच्या अखेरीस चोवीस वर्षांचा सालारजंग दिवाण झाला. त्याने अरब आणि रोहिल्यांकडे गहाण पडलेले परगणे एकेक करून सोडवले, इजारे रद्द केले आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने राज्याचे सुभे, जिल्हे आणि तालुके पाडून तेथे पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले. पगारी अधिकाऱ्याला वसुलीतून स्वतःचे काही सुटत नसल्याने नियमबाह्य मागणी करण्याचे त्याचे कारण कमी झाले. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली, जिच्यात प्रत्येक शेताचे क्षेत्र मोजून, मातीची प्रत आण्यांत ठरवून, ठरावीक मुदतीसाठी रोख आकार निश्चित केला जात असे. औरंगाबादच्या शेतकऱ्याला आपले देणे अनेक दशकांनंतर प्रथमच आगाऊ आणि निश्चित ठाऊक झाले. हे यश खालसा मुलखापुरते होते. जहागिरींमध्ये आणि निजामाच्या खाजगी मालकीच्या सर्फेखास मुलखात जुन्या पट्ट्या आणि वेठ चालूच राहिल्या. निश्चित आकारणी हा सर्व दुखण्यांवरील उपाय नव्हता, हे शेजारच्या ब्रिटिश मुलखानेही दाखवून दिले, कारण फेरतपासणीत वाढलेला आकार आणि सावकाराचे व्याज यांच्या कात्रीत सापडलेल्या पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ साली सुपे येथून दंगे सुरू केले.

सालारजंगाच्या काळापासून दौलतीचे कर्ज नव्या कारणासाठी होऊ लागले. रेल्वेच्या भांडवलावर सरकारने परताव्याची हमी द्यायची, ही पद्धत हैदराबादने १८८३ साली स्वीकारली, आणि हैदराबादहून औरंगाबादमार्गे मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास खुली झाली. फौजेच्या पगारासाठी काढलेले कर्ज आणि रुळांसाठी दिलेली हमी यांत मूलभूत फरक आहे, कारण रूळ उद्याच्या करदात्यालाही उपयोगी पडतात. तथापि निर्णयाची पद्धत तीच राहिली, म्हणजे दिवाण, रेसिडेंट आणि लंडनचे भांडवलदार यांच्यातला तो व्यवहार होता. त्या काळी ब्रिटिश मुलखातील मराठी समाज मात्र दुसरे काही शिकत होता. १८७० साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा साऱ्याच्या प्रश्नावर शेतकऱ्यांच्या तक्रारी गोळा करून सरकारपुढे मांडत होती, आणि १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर केलेल्या पहिल्या भाषणात शिलकीचे अंदाजपत्रक हेच जनतेवर गरजेपेक्षा जास्त कर असल्याचा पुरावा आहे, असे प्रतिपादन केले. मतदानाने अंदाजपत्रक बदलण्याचा अधिकार त्या मंडळाला नव्हता, परंतु राज्याचा जमाखर्च ही लोकांच्या चर्चेची बाब आहे, ही सवय तेथे रुजली.

हैदराबादेत ही सवय रुजू दिली गेली नाही, आणि येथेच या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट समोर येते. विसाव्या शतकात हैदराबादचा खजिना दुबळा नव्हता. अर्थमंत्री सर अकबर हैदरी यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी खातेवार अंदाजपत्रकाची शिस्त लावली, गंगाजळी उभी केली, आणि १९३० साली सरकारने रेल्वेही कंपनीकडून विकत घेतली. जमीनमहसूल, आबकारी आणि करोडगिरी, म्हणजे राज्याच्या सीमेवर मालावर घेतली जाणारी जकात, हे उत्पन्नाचे मोठे आधार होते. मतदाराच्या दडपणामुळे सरकारे कर्जबाजारी होतात असे मानणाऱ्यांना हे राज्य आदर्श वाटले असते, कारण येथे मतदारच नव्हता. १८९३ पासून अस्तित्वात असलेल्या कायदेमंडळात सरकारी सदस्यांचा भरणा होता, आणि १९३९ साली जाहीर झालेल्या सुधारणांनीही खजिन्यावर लोकांचे नियंत्रण येणार नव्हते. तरीही चंदूलालच्या विस्कटलेल्या काळात जे घडले नाही ते या नेटक्या काळात घडले. लोकांनी कर नाकारला.

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, पुढल्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची सक्तीची लेव्ही सुरू झाली, तिचा भार लहान शेतकऱ्यावर अधिक पडला, आणि करासंबंधीचा असंतोष प्रत्येक खळ्यापर्यंत पोहोचला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली १९४७-४८ च्या लढ्यात राज्याच्या उत्पन्नाच्या तिन्ही झऱ्यांवर घाव घालण्यात आले. लेव्ही देऊ नका असा प्रचार झाला, आबकारी उत्पन्न बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडली गेली, आणि सीमेवरील कॅम्पांमधून येणाऱ्या तरुणांनी करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त केली. हे करचुकवेपण नव्हते. ज्या सत्तेला जाब विचारता येत नाही तिला पैसाही मिळू नये, असा तो उघड राजकीय दावा होता, आणि त्यासाठी अनेकांनी प्राण दिले.

दावा किती सार्थ होता हे निजामाच्या सरकारने स्वतःच त्याच काळात सिद्ध केले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार झाला असताना या सरकारने पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने वीस कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातील शेतकऱ्यांच्या साऱ्यातून साठलेली ती गंगाजळी होती, आणि ती कोणाला द्यावी याविषयी त्यांच्यापैकी एकाचेही मत घेतले गेले नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद भारतात विलीन करणारी पोलीस कारवाई चालू असतानाच्या दिवसांत, लंडनमधील हैदराबादच्या खात्यातून सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवण्यात आले. त्या रकमेचा वाद एकाहत्तर वर्षे चालला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला, तेव्हा ती व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. जमा केलेली गंगाजळी उधळण्याचे स्वातंत्र्य आणि नसलेला पैसा उसना घेण्याचे स्वातंत्र्य ही एकाच निरंकुश अधिकाराची दोन रूपे आहेत, आणि हैदरींच्या शिस्तीला पहिल्या रूपापासून बचाव करता आला नव्हता.

१९४९ साली जहागिरी आणि सर्फेखास संपले, आणि १९५२ च्या आरंभी प्रौढ मताधिकाराने हैदराबाद विधानसभेची निवडणूक झाली. औरंगाबाद जिल्ह्यातील कुळाने, मजुराने आणि स्त्रियांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींपुढे राज्याचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी ठेवले गेले, असे या सुभ्याच्या ज्ञात इतिहासात प्रथमच घडले. कायद्याच्या आधाराविना कर नाही हे राज्यघटनेच्या कलम २६५ ने सांगितले. राज्याच्या कर्जाला विधिमंडळ मर्यादा घालू शकते आणि केंद्राचे देणे बाकी असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते, हे कलम २९३ ने ठरवले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला.

मतदाराने कर्ज कमी केले असे मात्र झाले नाही, आणि तशी अपेक्षा धरणे हा इतिहासाचा चुकीचा अर्थ होईल. शतकानुशतके सारा भरूनही सिंचन, शाळा आणि रस्ते न मिळालेल्या प्रदेशाने मताच्या बळावर प्रथम मागितला तो आपला हक्काचा खर्च, आणि १९८४ च्या दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष मोजून दाखवला तेव्हा त्या मागणीचा न्याय्यपणा सिद्धच झाला. खर्चाची ही भूक भागवताना करवाढीचा अप्रिय निर्णय टाळण्याचा मोह सरकारांना झाला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात पाटबंधारे विकास महामंडळे स्थापन झाली आणि त्यांना स्वतः कर्ज उभारण्याचा अधिकार मिळाला; गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ १९९८ साली औरंगाबादेतच उभे राहिले. महामंडळाचे कर्ज राज्याच्या अंदाजपत्रकात थेट दिसत नाही, पण हमी राज्याची असल्याने ते अखेरीस करदात्याकडेच येते. मतदार जे पाहू शकतो त्यावरच त्याचा वचक राहतो, आणि त्यामुळे कर्जाची रक्कम किती यापेक्षा ते कोणत्या वहीत लिहिले आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. २००५ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा आला. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकानुसार राज्याचे कर्ज नऊ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले होते, जे राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या पाचव्या हिस्स्याच्या आत होते.

शहराच्या पातळीवर हीच गोष्ट अधिक जवळून दिसते. १९८२ साली औरंगाबाद महापालिका अस्तित्वात आली. जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर हे तिचे उत्पन्नाचे मुख्य आधार होते. व्यापाऱ्यांच्या राज्यव्यापी विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी हा कर रद्द झाला आणि त्याची जागा राज्याच्या अनुदानाने घेतली. करदात्यांच्या संघटित शक्तीचा तो विजय होता; पण त्या दिवसापासून शहराचा खर्च ठरवणारे सभागृह आणि त्याचा पैसा देणारा नागरिक यांच्यातील थेट धागा बराच सैल झाला. पुढे एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक न होता पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. त्या वर्षांत मालमत्ता कराची वसुली चालू होती, दरवर्षी अंदाजपत्रक तयार होऊन प्रशासकाच्याच मंजुरीने अमलात येत होते, आणि जायकवाडीहून शहराला पाणी आणणाऱ्या नव्या योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून सुमारे २,७४० कोटींवर गेला, ज्यात महापालिकेच्या वाट्याचा शेकडो कोटींचा भारही होता. योजना आवश्यकच होती, कारण शहराला कित्येक दिवसांआड पाणी मिळत होते. परंतु तिचा आर्थिक भार मान्य करण्याचा ठराव ज्या सभागृहात चर्चेला यायला हवा होता, त्या सभागृहात त्या काळात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता.